बारा फूट मेंदी

बदनापुरात आमच्या गल्लीत चाळिशीच्या आतला एकही माणूस असा सापडायचा नाही, ज्याला नंदाबाईनं उघडा पाहिलेला नाही. पायांवर पालथा घालून, तेलानं चोळून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून तिनं ही सगळी पिढी उभी केली. त्यामुळं तिच्यापुढं कुणाची फार ऐट चालत नाही. मागच्या निवडणुकीत हरिओम कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मागं दहा माणसं घेऊन तिच्या दारात हात जोडून उभा राहिला. नळाला रोज पाणी आणतो म्हणाला. नंदाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हरिओम, तू लई रडका व्हतास रे. पाण्याचा तांब्या पाह्यला की गल्ली डोक्यावर घ्यायचास. अन् आता तूच पाणी देऊन राह्यलास?"

हरिओम निवडून आला, पण त्या दिवसापासून त्याचं नाव तांब्या पडलं. मी त्याला तसं म्हणत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना फक्त सांगतो.

नंदाबाईचं वय पासष्टच्या पुढं. अंग काटकुळं, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरेल एवढा, आणि हात असे, की दिवसभर रडणारं पोर त्या हातांत गेलं की मुकाट व्हायचं. हातांना दृष्ट लागू नये म्हणून असेल, देवानं गुडघे काढून घेतले. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ती घरोघर जायची. गुडघे गेले तसं तिनं जाणं बंद केलं आणि बाळं तिच्या अंगणात यायला लागली. दिवाळी झाली की शिवरात्रीपर्यंत सकाळी साडेआठ ते दहा हा तिचा वेळ. बुटक्या स्टुलावर बसायचं, पाय लांब करायचे, बाजूला शेगडी, तेलाची वाटी, डाळीचं पीठ. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाळंतिणी ओळीनं भिंतीला टेकून ऊन खात बसलेल्या. गल्लीतल्या निम्म्या बातम्या त्या अंगणात जन्मायच्या, आणि उरलेल्या निम्म्या तिथं न्हाऊनमाखून बाहेर पडायच्या. मला त्या अंगणात प्रवेश नव्हता, पण आमच्या सौभाग्यवतींना होता. माझं तेवढ्यावर भागायचं.

नंदाबाईचा नियम एकच. ऊन नसलं तर लेकरू उघडं करायचं नाही. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना खेटून, आतल्या खोल्यांत दुपारीही दिवा लावावा लागतो. मोकळं ऊन पडायचं ते नंदाबाईच्या अंगणातच, कारण त्याची दक्षिण बाजू उघडी. उघडी म्हणजे, तिकडं घर नव्हतं. तिकडं शहाजादी आपाचं अंगण होतं, आणि दोन अंगणांच्या मधे आपाची मेंदी.

शहाजादी आपा म्हणजे कपड्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या जहांगीरभाईंची बायको. जहांगीरभाई जाऊन आठ वर्षं झाली. मेंदी त्यांनीच लावलेली, खरी, हाताला लावायची. गल्लीतल्या कुठल्याही पोरीचं लग्न असो, कुठल्याही घरातली, पाला आपाच्या कुंपणाचा. मेंदी छातीएवढी होती तोवर नंदाबाई आणि आपा तिच्यावरून वाट्या द्यायच्या-घ्यायच्या आणि सुनांबद्दल बोलायच्या. नंदाबाईचा राधेश्याम लहानपणी अर्धा दिवस आपाच्याच घरी असायचा. आपाचा जीशान आणि तो एकाच ताटात जेवायचे.

हाच राधेश्याम आता नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे. रोज रेल्वेनं जातो, गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यानं गच्चीवर जायला घराच्या बाहेरून लोखंडी जिना केला. टाकीसाठी केला, पण टाकीपेक्षा स्वतःच जास्त चढायचा. घरात मोबाईलला रेंज नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर भरपूर. सकाळी आठ वाजले की हा बनियनवर, टॉवेल गुंडाळून, तिथं उभा. "साहेब, लॉट गेला! हो, हो, कालच गेला!" अख्ख्या गल्लीला कळायचं की लॉट गेला. कुठं गेला ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

जिना झाला त्या वर्षापासून आपानं मेंदी छाटणं बंद केलं. हे मी आता जोडून सांगतोय. तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गेल्या मे महिन्यात मेंदी आठ फुटांवर गेली तेव्हा नंदाबाईनं विचारलं, "आपा, मेंदी लई वर चालली. थंडीत माझं ऊन अडंल ना."

"वाढू दे ना बाई," आपा म्हणाली. "हिरवं दिसतं, डोळ्याला ठंडक."

"किती वाढू देणार?"

"बघू."

आपा 'बघू' म्हणणारी बाई नव्हती. नंदाबाईला ते खटकलं. भांडण नको म्हणून तिनं मध्यस्थ बोलावला, आणि इथंच आमचं नशीब फिरलं, कारण मध्यस्थ होते अण्णासाहेब सर.

अण्णासाहेब सरांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाले तरी खिशात दोन पेनं असतात. ते मोजपट्टी घेऊन आले, मे महिन्याचा तिसरा आठवडा, भर बारा वाजता, सूर्य डोक्यावर. "ऊन सगळ्यात कडक असताना मोजायचं," म्हणाले, "म्हणजे वादच नको." पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं. मेंदीची सावली पाहिली तर ती मेंदीच्याच बुडाशी, वीतभरसुद्धा नाही. सर कौतुकानं हसले, जणू सावली त्यांनीच घडी करून ठेवली होती.

"बघा नंदाबाई. हे शास्त्र आहे. आठ फुटांची सावली एवढी, बारा फुटांची किती होईल?"

"किती?"

"काहीच नाही!"

मग कागद झाला. 'मेंदी बारा फुटांपर्यंत वाढल्यास हरकत नाही, त्यावर एक बोटही नको.' खाली दोघींच्या सह्या. साक्षीदार म्हणून माझी सही आहे, त्यामुळं या प्रकरणात मला फार बोलायचा अधिकार नाही. तरी बोलतो. आपानं सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं, आणि गरमीनं जीव जात असताना थंडीतल्या उन्हाचा निकाल लावून आम्ही घरी जाऊन झोपलो.

पावसाळ्यात मेंदी सुटली. दसऱ्याला अकरा, दिवाळीला बारा. आणि डिसेंबर लागला तसा सूर्य दक्षिणेला कलला, खाली उतरला, आणि सकाळी साडेआठला मेंदीची सावली अख्खं अंगण ओलांडून नंदाबाईच्या उंबऱ्याला येऊन टेकली.

नंदाबाईनं सरांना बोलावलं. सर मफलर गुंडाळून आले आणि त्या सावलीत कुडकुडत उभे राहिले.

"सर, हे काय?"

"दक्षिणायन," सर बारीक आवाजात म्हणाले.

"मे मधी कुठं गेल्तं ते?"

"मे मध्ये उत्तरायण असतं, नंदाबाई."

"तुम्हाला माहीत व्हतं?"

"तसं... माहीत होतं."

"मंग बत्तीस वर्षं पोरांना काय शिकवून राह्यल्ते तुम्ही?"

सर मागं न पाहता गेले. पुढं आठ दिवस त्यांनी दूध आणायला दुसरी गल्ली धरली.

नंदाबाई मेंदीपाशी गेली आणि पलीकडं हाक मारली. "आपा, ऊन गेलं. वरचं थोडं छाटायला सांग जीशानला."

पलीकडून आवाज आला, "बाई, कागजावर बारा हाय ना? मोज. बोटभर जादा निघालं तर आत्ता छाटते."

"बारा बराबर हाय. पण ऊन?"

"मी काय करू बाई. मला एवढी लागते."

"कशाला लागते? सांग तरी."

पलीकडं बादली नळाखाली सरकल्याचा आवाज आला. नंदाबाईनं पदर खोचला. "ठीक हाय. म्या सही केलीय. सही केल्यावर नंदा मागं फिरत न्हाई." आणि तिनं त्या मेंदीकडं पाठ केली, ती महिनाभर.

खरं तर आपानं एक शब्द बोलायचा होता आणि नंदाबाईनं एकदा परत विचारायचं होतं. पण एकीला बोलायचं नव्हतं आणि दुसरीला सही होती. मधल्या जागेत गल्ली शिरली. कुणी म्हणे आपा पाला शहरात विकणार. कुणी म्हणे जीशान तिथं खोली काढणार, मेंदी आडोसा आहे. पाला विकण्याची बातमी माझी नव्हे. माझ्याकडं ती रांगत आली होती, मी तिला फक्त चालायला शिकवलं.

इकडं नंदाबाईचं स्टूल अंगणभर फिरायला लागलं. साडेआठला ऊन नाही. नऊला नाही. दहा वाजून गेल्यावर पाण्याच्या हौदापाशी पोत्याएवढा उन्हाचा तुकडा पडायचा, त्यात एक पाय मावायचा, एक नाही. मीना नावाची नवी बाळंतीण गारठलेल्या भिंतीला टेकून तासभर बसली, बाळ शिंकलं, आणि "उद्या पाहते मावशी," म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं हीटर आणला. मग आणखी दोघींनी. जानेवारी लागेपर्यंत अंगणात कुणी येईना. नंदाबाई तरी रोज पाणी तापवायची आणि शेवटी त्यात स्वतःचीच लुगडी धुवायची.

एका सकाळी सून प्रियदर्शनी उठून बाहेर आली तर नंदाबाई शेगडी, वाटी, स्टूल माळ्यावर टाकायला देत होती. प्रियदर्शनी शिकलेली पोर, इथल्याच कृषी केंद्रात नोकरीला. तिनं विचारलं, "आई, थंडी तर अजून महिनाभर आहे."

"असू दे. झालं माझं. चाळीस वर्षं लई झाली."

ती असं म्हणाली आणि आत जाऊन पांघरूण घेऊन पडली. ज्या बाईला मी कधी सकाळी आडवी पाहिली नव्हती, ती. मी यावर काही गंमत करायला गेलो तर आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप माझ्यापुढून उचलून नेला.

आणि त्याच आठवड्यात मेंदीच्या पानांतून आवाज आला.

"नंदाबाई. ओ नंदाबाई."

नंदाबाई दारातच उभी राहिली.

"लायबाला पोरगी झाली. काल जालन्याहून घेऊन आल्तो."

लायबा म्हणजे आपाची धाकटी. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. हीसुद्धा नंदाबाईच्या पायांवर वाढलेली.

"लई बारीक हाय, बाई," पलीकडून आपा म्हणाली. "चिमणीएवढं. तिला उचलायची माझी हिंमत होत न्हाई. मी... तुझ्याशिवाय कोणाला बोलू?"

बाळासाठी बोलावणं आलं की नाही म्हणणं नंदाबाईच्या धंद्यात बसतच नाही. तिनं माळ्याकडं पाहिलं. "प्रियदर्शनी, वाटी काढ. आपा, शेगडी पेटव. पाणी मी आल्याशिवाय काढायचं न्हाई!"

आमच्या सौभाग्यवती हात द्यायला म्हणून मागोमाग गेल्या, त्यामुळं पुढचं जे सांगतोय ते त्यांच्या डोळ्यांनी.

आपाच्या अंगणात ऊन लख्ख. नंदाबाई गुडघे धरत बसली, पाय पसरले, बाळ घेतलं. एका तळव्यात मावत होतं. तिनं तेल हातात कोमट केलं, टाळूवर टिपलं, छातीवरून बोटं अशी फिरवली, की पाणी हलावं. बाळानं आधी तोंड वाकडं केलं, मग जांभई दिली. लायबा बाजेवर बसून पाहत होती, ओढणी खांद्यावरून घसरलेली, दूध आल्यानं कुर्ता ओला. एवढ्यात आपा उठली, बाजेचं टोक धरलं आणि लायबाला बाजेसकट ओढून मेंदीच्या बुडाशी, पार फांद्यांना चिकटून नेलं.

"अगं, बाळंतिणीला दंवानं भिजलेल्या पाल्यात काय नेतीस? गारठंल!" नंदाबाई ओरडली.

आपानं नुसती वर नजर टाकली. नंदाबाईनंही पाहिलं.

बारा फूट मेंदीच्या शेंड्यावर एक डोकं होतं, बनियनचे खांदे होते, आणि कानाला फोन होता. "साहेब, लॉट आज निघतो! बिलकुल आज!" राधेश्यामचं तोंड सरळ या अंगणाकडं. डोळे कुठं होते देव जाणे, बहुतेक जालन्याच्या गोदामात. पण खालून पाहणाऱ्या बाईला ते कसं कळावं? नळ इथं, धुणं इथं, केस वाळवायची जागा इथं, आणि वर रोज सकाळी एक बाप्या.

नंदाबाईचे हात थांबले नाहीत, पण आवाज खाली आला.

"हे कधीपासून, आपा?"

"सोड ना बाई. लेकराकडं पाह्य."

"कधीपासून म्हणते मी."

"जिना झाला तवापासून."

"अन् तू बोलली न्हाईस? मी विचारलं, तरी न्हाई?"

"काय बोलू?" आपा म्हणाली. "तुझा राध्या माझ्या अंगणात पाहतो, असं बोलू? माझ्या ताटात जेवलेलं पोर हाय ते. त्यो पाहत न्हाई, मला माहीत हाय. पण गोष्ट तोंडातून निघाली की मंग ती आपली राहते का? गल्लीत जाती. पोराचं नाव खराब, माझ्या पोरीचं नाव खराब. मेंदी बरी. मेंदी कोणाला काही सांगत न्हाई."

'गल्लीत जाती' म्हणताना आपानं कुणाकडं पाहिलं ते सौभाग्यवतींनी मला घरी येऊन दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा वर्तमानपत्र वाचत होतो.

नंदाबाईनं घाई केली नाही. बाळाला न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, दुपट्यात घट्ट बांधून लायबाच्या मांडीवर ठेवलं. आपाचा चहा प्यायली, महिन्याभरात पहिल्यांदा. मग घरी आली. राधेश्याम अजून पायरीवरच होता.

"खाली उतर."

"आई, कॉल चालू हाय."

"उतर म्हणते ना!"

तो उतरला. नंदाबाई त्याच्या कानापाशी काहीतरी चार वाक्यं बोलली. काय ते आमच्यापैकी कुणाला ऐकू आलं नाही, यावरून ओळखा, की त्या बाईला हळू बोलता येतं. राधेश्यामचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल. त्या दिवशी त्यानं रजा टाकली, बाजारातून बांबूच्या कामट्यांचे विणलेले चार तट्टे आणले आणि अख्खा जिना खालून वरपर्यंत आपाच्या बाजूनं बंद केला. गच्चीच्या कठड्यालाही एक बांधला. रेंज गेली. आता तो स्टेशनवर जाऊन बोलतो, त्यामुळं लॉटचं काय झालं हे फलाटाला कळतं.

संध्याकाळी तो आपाच्या दारात गेला. "खाला, माझ्या ध्यानातच आलं न्हाई." आपानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "आत ये, खिचडी हाय," म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी मेंदी छाटली. नाही छाटली. नंदाबाई सही करून बसलेली, ती मागायची नाही. आणि आपा पाहत होती. पहिल्या दिवशी तिनं धुणं वाळत घातलं आणि वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी केस मोकळे सोडून उन्हात बसली आणि वर पाहिलं. तिसऱ्या दिवशी लायबाची बाज अंगणाच्या मधोमध आली. गल्ली दम धरून होती. मी तर त्या बाजूला तीनदा नसलेली कामं काढली.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता कोयत्याचा आवाज आला. जीशान मेंदीवर चालून गेला होता आणि आपा खाली उभी राहून हात नाचवत होती. "और नीचे. और. अरे और नीचे!"

फांद्या पडायला लागल्या तसं ऊन आधी नंदाबाईच्या भिंतीवर आलं, मग ओट्यावर, मग अंगणात, ओल्या शेवाळलेल्या फरशीवर. नंदाबाई दात घासत बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

"बस की आपा! आता कुत्री उड्या मारून येतील!"

"येऊ दे. तू हाकल."

मेंदी खांद्यावर थांबली. पाल्याचा ढीग एवढा, की गल्लीतल्या प्रत्येक घरी टोपली गेली. आमच्या सौभाग्यवतींनी तर माझ्याही केसांना लावली, लाल डोक्यानं मी पंधरा दिवस फिरतोय. अण्णासाहेब सर नवा कागद घेऊन आले, त्यात बारा महिन्यांचं कोष्टक, कुठल्या महिन्यात किती फूट. दोघींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, कागद तेवढा घेतला नाही. पावसाळ्यात हवी तेवढी वाढू द्यायची आणि दसरा झाला की जीशाननं कोयता काढायचा, असं तोंडी ठरलंय.

पुढच्या सोमवारी मीना आली. "मावशी, हीटरचं बटण जळलं," म्हणाली. खोटं बोलत होती, हीटर चालू असल्याचं मी स्वतः खिडकीतून पाहिलंय. नंदाबाईनं काही विचारलं नाही, बाळ घेतलं. आठवड्यात अंगणात सहा बाळंतिणी झाल्या. लायबासुद्धा, स्वतःच्या अंगणात ऊन असताना, पोरीला घेऊन इकडंच येऊन बसते. बातम्या इथंच मिळतात ना.

रविवारी प्रियदर्शनी घरी असते. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली, लहान बाळ हातात घ्यायला घाबरते, लांबूनच हसते. परवाच्या रविवारी नंदाबाई पाय चोळत उठली आणि म्हणाली, "माझे गुडघे धरले. ये, बस इथं."

"मी? नको आई, निसटेल."

"निसटत न्हाई. पाय जोड. असे. आता हिला घे."

प्रियदर्शनी स्टुलावर बसली. लायबाची पोरगी आता बरीच भरलीय, गालांना बाळसं आलंय. नंदाबाईनं ती सुनेच्या पायांवर पालथी घातली, सुनेची बोटं धरून तेलात बुडवली, पाठीवर ठेवली. "दाबू नको. नुसती फिरव. हां, बराबर." सगळ्या बायका पुढं सरकल्या. प्रियदर्शनी ओठ दाताखाली धरून हात फिरवत होती, आणि पोरगी हळूहळू सैल होत, एक डोळा मिटत, दुसरा मिटत, तशीच झोपली.

"आई," प्रियदर्शनी कुजबुजली, "झोपली. आता काय करू?"

"काय करायचं? बस तशीच. मी चहा टाकून आले."

चहाला एरवी पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी नंदाबाईला पाऊण तास लागला. प्रियदर्शनीच्या पायांना मुंग्या आल्या, पण ती जागची हलली नाही.